माझ्या साक्षीतले नऊ जण

माझं नाव शमुवेल. आम्ही मूळचे निफाड तालुक्यातले, गावाचं नाव नका लिहू, तिथे आमच्या ख्रिस्ती लोकांची बावीस घरं, पत्र्याचं चर्च, आणि चर्चच्या मागच्या भिंतीला लागूनच उसाचं रान. बाबा साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आई मार्था दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत मजुरीला. माझ्याआधी आईची तीन मुलं गेली, एक अकरा दिवसांचं, एक चार महिन्यांचं आणि एक पोटातच. मी आकडे सांगत बसतो म्हणून कंटाळू नका, मला आकडा चुकलेला चालत नाही, तो का चालत नाही तेच तुम्हाला सांगायचंय. तर चौथ्या वेळेला आईने नवस केला, शास्त्रात हन्नाने केला तसा, हा जगला तर प्रभूचा, आणि मी जगलो, म्हणून हन्नाच्या मुलाचंच नाव, शमुवेल.

आमच्या चर्चमध्ये दरवर्षी कापणीचा सण असतो. ज्याचं जे पहिलं पीक निघेल ते तो वेदीपुढच्या मेजावर आणून ठेवतो, द्राक्षाचे घड, गहू, भोपळे, कोंबड्या पाय बांधून, आणि उपासना झाली की त्याचा तिथेच अंगणात लिलाव होतो, तो पैसा चर्चला. मी चाळीस दिवसांचा होतो, आईने मला पाटीत घातलं आणि दोन भोपळ्यांच्या मध्ये मेजावर ठेवून दिलं. तेव्हाचे पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, गमत्ये होते, ते म्हणाले, मार्थाबाई, याचा पण लिलाव पुकारायचा का? सगळी मंडळी हसली. आई म्हणाली, याचा लिलाव नाय, हा ज्याचा त्याला दिला. झालं, त्या दिवसापासून गावात ठरलं की मी पाळक होणार. मला कोणी विचारलं नाही, चाळीस दिवसांच्या पोराला काय विचारणार.

नंतर काय सांगू तुम्हाला, तो नवस माझ्या मानगुटीवर बसला. गोट्या खेळताना शिवी दिली की बायका म्हणायच्या, अरे पाळकसाहेब, तोंड सांभाळा. शाळेतली पोरं म्हणायची देवाचा बकरा. बकरा कशासाठी सोडतात ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. नऊ वर्षांचा असताना एकाने हे म्हटलं आणि मी लिहायच्या पाटीची कड त्याच्या भुवईवर हाणली, तीन टाके पडले त्याला. त्या दिवशी बाबांनी मला मारलं ते सगळ्यात जास्त, हाताने मारायचे ते, पट्टा कधी घेतला नाही, पण स्टिअरिंग धरणारे हात होते ते, कानाखाली बसली की दिवसभर शिट्टी वाजायची. आई मध्ये पडायची नाही. एवढंच म्हणायची, तोंडावर नका मारू, उद्या त्याला पुलपिटावर उभं राहायचंय. पुलपिट म्हणजे पाळक जिथून उपदेश करतात तो कट्टा. एकविसाव्या वर्षापर्यंत माझ्या अकरा मारामाऱ्या झाल्या, त्यातल्या आठ मी सुरू केल्या, हे मी शांत बसून मोजलंय. राग यायचा असंही नाही हो. हात आधी जायचा, राग नंतर पोहोचायचा.

दहावीनंतर मी शिक्षण सोडलं आणि कांद्याच्या मार्केटात हमाली धरली. आई म्हणायची, प्रभू बोलवेल तेव्हा बोलवेल, तोवर गोण्या उचल. आता पुढचं नीट लिहा.

मार्च महिना होता, सकाळचे साडेदहा. ट्रॉल्यांची रांग लागलेली, एकामागे एक. नामदेव म्हणून देवळ्याकडचा शेतकरी, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, त्याचा नंबर होता, पहाटेपासून उभा होता तो. आमच्या मुकादमाला दुसऱ्या एकाची ट्रॉली आधी घ्यायची होती. नामदेव ट्रॅक्टर हलवेना. म्हणाला, नंबर माझा हाय, मी नाय हलणार. मुकादमाने माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं हां, म्हणाला काहीच नाही. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडायला मध्ये एक लोखंडी पिन असते, हातभर लांब, अंगठ्याहून जाड. मी ती उपसली. पिन काढली की ट्रॉली जागेवर राहते आणि ट्रॅक्टर एकटाच पुढे जातो, म्हणजे माणूस अडकतो. नामदेव खाली उतरला, माझ्यासमोर आला, हात पुढे केला आणि म्हणाला, पिन दे भाऊ.

एवढंच म्हणाला. शिवी नाही, आई नाही, बहीण नाही, जात नाही, धर्म नाही. पिन दे भाऊ.

मी पहिला वार त्याच्या डाव्या खांद्यावर केला. तो मागे गेला आणि त्याने डावा हात वर केला तोंड वाचवायला, दुसरा त्या मनगटावर बसला, वाळलेला ऊस मोडल्यासारखा आवाज आला. तो गुडघ्यांवर बसला, तिथेच, सांडलेल्या कांद्यांत. मोडका हात दुसऱ्या हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाला, बस झालं भाऊ. आणि मग मी तिसरा मारला, डाव्या डोळ्यावर. तो बसला होता, हातात त्याच्या काही नव्हतं, त्याने बस झालं म्हटलं होतं, त्यानंतर. कांद्याची लाल टरफलं त्याच्या रक्ताला चिकटली, तोंडभर, ती एक माणूस बोटाने काढत होता आणि ती निघत नव्हती, एवढं मला दिसतंय. मला चौघांनी धरलं.

सहा दिवस पोलीस कोठडीत होतो. तळपायांवर पट्टा खाल्ला, तीन दिवस पावलांच्या कडांवर चाललो. सातव्या दिवशी सोडलं. कारण काय, तर नामदेवने दवाखान्यात जबाब दिला की मी ट्रॉलीवरून पडलो आणि पिन लागली. त्याने का दिला ते मला नंतर समजलं. हमाल म्हणाले होते, आमचा पोरगा आत तर आम्ही गोणी उचलणार नाही, आणि आवारात दोनशेच्या वर ट्रॉल्या उभ्या होत्या. त्याच्याच गावचे लोक त्याच्या खाटेशी बसून म्हणाले, नामदेव, एका डोळ्यापायी सगळ्यांचा माल सडवतो का? त्याने उजव्या हाताने सही केली, डावा प्लास्टरमध्ये होता.

मी घरी आलो. आई हाताला धरून चर्चमध्ये घेऊन गेली आणि त्या मेजापुढे, जिथे मला पाटीत ठेवलं होतं तिथे, मला गुडघ्यांवर बसवलं. मी रडलो. आतड्यांपासून रडलो. हे खरं होतं, पश्चात्ताप खरा होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. खोटं नंतर आलं.

त्यानंतर मी आयटीआय केली, नाशिकला आलो, अंबडला एका कारखान्यात कंत्राटावर लागलो. काम तपासणीचं. यंत्रातून निघालेल्या शाफ्टची जाडी मोजायची, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक असला तरी तो नग लाल पेटीत टाकायचा. ते काम मला जमलं. रविवारी मी एका संगतीला, म्हणजे प्रार्थनासभेला, जायचो, तिथे बंधू एलिया होते, पन्नाशीचे, पांढरे कपडे, आवाज असा की माईक गेला तरी सभा थांबत नसे. माणूस वाईट नव्हता, हेही लिहा, त्यांनी दोन दारुड्यांना माझ्या डोळ्यांदेखत माणसात आणलेलं आहे. ते म्हणाले, शमुवेल, उठ, साक्ष दे. आमच्यात साक्ष म्हणजे काय, तर आपण आधी कोण होतो आणि प्रभूने आपल्याला कसं बाहेर काढलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. मी उठलो, म्हणालो, मी मार्केटात एका माणसाला पिनेने मारलं, त्याचा डोळा गेला, प्रभूने मला क्षमा केली. बसलो खाली. कोणी आमेनसुद्धा म्हटलं नाही. एक म्हातारी माझ्यापासून सरकून बसली.

नंतर चहाच्या वेळेला बंधू म्हणाले, साक्ष चांगली आहे, पण अशी उघडीबोडकी नको, अंधार जितका गडद दाखवशील तितका प्रभूचा उजेड दिसेल. तो एकटा होता का? मी म्हटलं, भोवती होते की चार-पाच जण. होतेच, बघे होते, मला धरणारे होते. ते म्हणाले, मग तसं सांग ना, पाच जण होते. बघा, खोटं कुठे सुरू झालं? पाच जण होते, हे वाक्य खरं आहे. पुढच्या रविवारी मी म्हटलं, पाच जण होते, आणि हालेलुया झाला.

पहिल्या वर्षी पाच होते. दुसऱ्या वर्षी सात झाले आणि एकाच्या हातात कोयता आला. चौथ्या वर्षापासून नऊ, दोन कोयते, एक तलवार. कांद्याच्या मार्केटात तलवार कोण आणतो हो? पण मंडपात कोणी विचारत नाही. नऊ जण मला घेरतात, माझ्या ख्रिस्ती नावावरून शिव्या देतात, मी पिन उपसतो, मग मी ती हवेत फिरवून दाखवायचो, माईकच्या दांड्याने, आणि बायका डोळ्यांवर पदर घ्यायच्या, आणि मी म्हणायचो, त्या रक्तात उभं असताना मला आवाज आला, शमुवेल, शमुवेल. आवाज-बिवाज काही नव्हता. मुकादम ओरडत होता, पळ लेका. आठ वर्षांत मी एकशे शहाऐंशी वेळा साक्ष दिली. माझं लग्न झालं, रूथ शिक्षिका आहे, तिला साक्ष ऐकूनच मी आवडलो. तिलासुद्धा मी नऊच सांगितले होते.

सभा संपली की तरुण पोरं भोवती जमायची. त्यांना प्रार्थना नको असायची. दादा, पिन कशी धरली होती? दादा, कुठे मारलं की डोळा जातो? आणि एक गंमत सांगू, चर्चमध्येच वाढलेली पोरं कुरकुर करायची की दादा, आमच्याकडे काही साक्षच नाय, आम्ही कधी दारू प्यायलो नाय, कोणाला मारलं नाय, आम्हाला कोण माईक देणार? मी हसायचो. पेठकडच्या डोंगरात एका पाड्यावर सोमनाथ म्हणून तरुण होता, एकोणीस वर्षांचा, भात लावणारा, गरीब गाय, तोही असाच म्हणाला होता. दीड महिन्याने तिथून निरोप आला. मी गेलो. त्याने सख्ख्या थोरल्या भावाच्या डोक्यात कोयत्याचा दांडा घातला होता, बांधावरच्या भांडणात, एकदा नाही, भाऊ पडेपर्यंत. भाऊ वाचला पण डाव्या कानाने बहिरा झाला, जमिनीवर गोधडीवर बसलेला, कानात कापूस, आणि सोमनाथ माझ्यासमोर हात जोडून उभा, तोंड उजळलेलं, म्हणाला, दादा, आता माझ्याकडं पण साक्ष हाय.

मी त्याला कानाखाली मारली. इतक्या वर्षांनी हात उचलला. त्याला कळलंच नाही मी का मारलं, तो म्हणाला, दादा, चुकलं का काही?

आणि तुम्हाला वाटेल त्यानंतर मी थांबलो. नाही थांबलो. त्यानंतरही मी चार वेळा नऊ जण सांगितले, कारण तारखा ठरलेल्या होत्या.

आता नोकरीचं ऐका, कारण खरा पेच तिथे होता. मी तीस वर्षांचा झालो. आमच्या गावच्या चर्चचे पाळक निवृत्त होणार होते. पंचमंडळी म्हणाली, शमुवेलला सेवेत घेऊ, शिक्षणाला पाठवू, परत आला की इथेच पाळक, मार्थाबाईचा नवस फिटेल. आई तेव्हा सत्तरीच्या जवळ, बाबा गेलेले, तिला रात्रंदिवस तेच, माझ्या डोळ्यांदेखत पुलपिटावर चढ. आणि त्याच आठवड्यात कारखान्याने मला कायम करायचं पत्र दिलं, सोमवारी सही केली नाही तर जागा दुसऱ्याला. पंचांचा निर्णय रविवारी, कापणीच्या सणाला, तिथेच मी माझं पाचारण सांगायचं, म्हणजे प्रभूने मला कसं बोलावलं ते, आणि मंडळीने हात वर करायचे. रविवार आणि सोमवार, मध्ये एक रात्र. रूथ म्हणाली, अहो, तुम्ही ठरवा, मी दोन्हीकडे येईन, पण ठरवून या, अर्धवट नका येऊ.

बंधू एलियांना वाटलं, या दिवशी काहीतरी मोठं व्हायला पाहिजे. त्यांनी मला न सांगता देवळ्याला माणूस पाठवून नामदेवला शोधून काढलं आणि बोलावलं, की तुला मारणारा आता देवमाणूस झालाय, ये, सगळ्यांसमोर मिठी मार.

सकाळी नऊ वाजता मी चर्चच्या आवारात पोचलो तर लिंबाच्या झाडाखाली तो उभा. टोपी, धुतलेलं धोतर नाही हां, पँट-शर्ट, पायात चप्पल. डावा डोळा पांढरा, उकडलेल्या अंड्यासारखा. डावं मनगट वाकडं जुळलेलं. आठ-नऊ वर्षांत मी त्याला एकशे नव्वद वेळा मारलं होतं माईकवर, पण समोर एकदाही बघितलं नव्हतं. मी हात जोडले. त्याने जोडले नाहीत. त्याच्या बोलीत म्हणाला, बाकीना आठ कोठे शेत? मला कळलं नाही. मग आमच्या मराठीत म्हणाला, तो पांढऱ्या कपड्याचा सांगतो, आम्ही नऊ जण होतो म्हणे. मी एकटाच आलो होतो, आज पण एकटाच आलोय. बाकीचे आठ कुठं हायेत रे? तलवार कोणाच्या हातात होती, माझ्या का?

मी म्हटलं, नामदेवभाऊ, मला माफ करा. तो म्हणाला, ते नंतर. तू कसं सांगतो ते ऐकायला एसटीनं आलोय. सांग तू. मी बसतो. आणि पुरुषांच्या बाजूच्या पहिल्या बाकावर जाऊन बसला.

मेज भरलेलं होतं, घड, भोपळे, उसाच्या मोळ्या, पाय बांधलेल्या सहा कोंबड्या. बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर आई, नवीन लुगडं. पंचांचे अध्यक्ष साळवे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, त्यांनी माझं नाव पुकारलं. मी पुलपिटावर चढलो. समोर एका बाजूला तो पांढरा डोळा आणि दुसऱ्या बाजूला आई. आणि मला माझं रोजचं काम आठवलं बघा, शाफ्ट हातात घेतला की आधी मोजायचा, चमकतो का ते नंतर.

मी म्हटलं, मंडळी, मी आजवर नऊ जण सांगितले. एक होता. तो समोर बसलाय. त्याच्या हातात काही नव्हतं, त्याने शिवी दिली नाही, त्याने पिन मागितली, त्याची होती म्हणून. मी तीन वार केले. पहिला खांद्यावर, दुसरा मनगटावर, मग तो गुडघ्यांवर बसला आणि बस झालं भाऊ म्हणाला, त्यानंतर मी तिसरा डोळ्यावर मारला. मला आवाज आला नाही. त्याच्याकडून खोटा जबाब घेतला म्हणून मी सुटलो.

कोंबड्यांचा फडफडाट ऐकू येत होता. तेवढ्यात नामदेव उठला. उठला आणि उजवा हात वर करून सरळ पुलपिटाकडे चालत आला. आता, मी जे सांगितलं ते ऐकून आमच्या माणसांना एकच वाटलं, हा आता सूड घेणार. कोणीतरी ओरडलं, धरा त्याला! आणि चौघं-पाच जण त्याच्यावर पडले. मेज कलंडलं, भोपळे गडगडले, एकाने उसाचं कांडं घेतलं आणि त्याच्या पाठीत घातलं, दुसऱ्याने त्याचं डोकं बाकाच्या कडेवर आपटलं, ओठ फुटला, दात दिसले. बायका किंचाळत होत्या. देवाच्या घरात, वेदीपुढे, द्राक्षं पायाखाली चिरडली जात होती आणि त्या माणसाला पुन्हा मार पडत होता, माझ्यामुळे, पुन्हा. मी पुलपिटावरून उडी मारली, त्याच्या अंगावर आडवा पडलो. माझा सख्खा मामा, योहानमामा, त्याचा ठोसा माझ्या नाकावर बसला, हाड मोडलं, हे बघा, अजून तिरकं आहे. मामा म्हणतो, अरे तू कशाला मध्ये, आम्ही तुलाच वाचवतोय!

माझ्या खाली नामदेव काहीतरी बोलत होता. रक्ताच्या गुळण्या येत होत्या. मी कान जवळ नेला. तो म्हणाला, तीन नाय. चार. चौथा पाठीवर मारला तू. मी पालथा पडल्यावर. तेवढंच सांगायला उठलो होतो.

मला चौथा आठवत नाही. आजही आठवत नाही. मी नखं लावून उकरतो डोकं, नाही सापडत. पण त्याने नंतर शर्ट वर करून दाखवला, माकडहाडाच्या वर, बोटभर लांब वण.

नंतर अंगणात गुरुजी म्हणाले, शमुवेल, खरं बोललास, बरं केलंस, पण आता हात कसे वर करायचे आम्ही? त्यांचंही बरोबर होतं. बंधू एलिया कोपऱ्यात डोकं धरून बसलेले, म्हणाले, सैतानाने तुझी साक्ष चोरली रे. मी म्हटलं, बंधू, चोरलेली होती, ती मालकाला परत गेली. आई आली. तिने माझ्यावर आयुष्यात हात उचलला नव्हता, तिने माझ्या मोडक्या नाकावर चापट मारली, अशी की डोळ्यांसमोर काजवे चमकले. म्हणाली, इतकी वर्षं मी गावच्या बायांना सांगत फिरले, माझ्या लेकरावर नऊ जण चालून आले. आणि मला सोडून नामदेवकडे गेली, त्याला हाताला धरून घरी नेलं, कोमट पाण्याने तोंड धुतलं, ओठावर हळद दाबली, आणि सणाच्या जेवणाला ज्या पहिल्या पंगतीत मी बसायचो तिथे त्याला बसवून भात कालवून भरवला, कारण त्याला चावता येत नव्हतं.

सोमवारी सुजलेलं नाक घेऊन मी कारखान्यात सही केली. साहेब म्हणाले, काय हो, पार्टी जोरात झाली वाटतं. तेव्हापासून एकवीस वर्षं तेच काम करतोय, फक्त आता हाताखाली सहा जण आहेत. लोक विचारतात, शमुवेलभाऊ, सेवा सोडली का? मी पुलपिटावर पुन्हा चढलो नाही. उपासनेला जातो, मागच्या बाकावर बसतो, आणि कोणी साक्ष द्यायला उठला की त्याला नंतर हळूच विचारतो, किती जण होते रे नक्की? काही चिडतात. सोमनाथच्या भावाला कानाचं यंत्र मी बसवून दिलं, वर्षातून दोनदा जातो त्या पाड्यावर, भाऊ बोलतो माझ्याशी, सोमनाथ नाही बोलत.

आई माझ्याशी सात महिने बोलली नाही. मग बोलली, पण पाळक हा शब्द तिने परत काढला नाही. नामदेव मात्र यायचा. दर कापणीच्या सणाला त्याच्या वावरातल्या पहिल्या कांद्यांची एक पिशवी आईच्या दारात. मी एकदा म्हटलं, नामदेवभाऊ, म्हणजे माफ केलंत ना? तो म्हणाला, मी असं कधी म्हणलो? हे मावशीला हायेत, तुला नाय. आई गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तो अजून आणतो. मेजावर ठेवतो, माझ्याकडे बघत नाही, एसटीने परत जातो. मला तेवढं पुरतं. जास्त मागायचा मला हक्क नाही.

आता आम्ही इंदिरानगरला राहतो, दोन खोल्या, रूथ अजून शाळेत शिकवते. एकच मुलगी, एस्तेर, वीस वर्षांची, पदवीचं शेवटचं वर्ष. तिच्यावर मी काहीच लादलं नाही, कुठल्या मेजावर ठेवलं नाही, तर गेल्या महिन्यात तीच म्हणते, पप्पा, मला सेवेत जायचंय, पाळकाचं शिक्षण घ्यायचंय. काय सांगू तुम्हाला, मी तिच्या आईकडे बघितलं, आई माझ्याकडे. मी विचारलं, कोणी सांगितलं का तुला? म्हणाली, नाही, मला करावंसं वाटतं. अर्जात लिहायचं असतं, आपली साक्ष व पाचारण, पाचशे शब्दांत. चार दिवस ती कागद घेऊन बसली, मग माझ्याकडे आली, रडकुंडीला आलेली. पप्पा, माझ्याकडे काही साक्षच नाही. मी कोणाला मारलं नाही, मला कोणी मारलं नाही, लिहू काय? दोन ओळी झाल्यात फक्त.

मी त्या वाचल्या. मोजल्या, सवय आहे. अठरा शब्द होते. मी लहानपणापासून प्रभूवर प्रेम करते, मला आजारी आणि एकट्या माणसांजवळ बसायला आवडतं, म्हणून मी हा अर्ज करत आहे. मी म्हटलं, यात एकही शब्द वाढवू नको. ती म्हणाली, पप्पा, चारशे ब्याऐंशी कमी पडतात. मी म्हटलं, पडू दे. तुझ्याकडे कधीच जास्त साक्ष न येवो, हाच माझा आशीर्वाद घे.

ती जायला वळली, मग दारात थांबून म्हणाली, पप्पा, मग तुमचं लिहू का, माझ्या वडिलांचं म्हणून? मी म्हटलं, लिहिलंस तर बरोबर लिही. माणूस एक. वार चार. चौथा माझ्या लक्षात नाही, पण ज्याला बसला त्याच्या लक्षात आहे, तेव्हा त्याचाच धर. तुम्हीही तसंच लिहा.